आंदणात गेलेले इंजिन

वसमत,
२६ जून २००५

आदरणीय दाजी आणि ताई,

दोघांना भीमराजचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत उत्तम असणार असे धरून चालतो, कारण परवा फोनवर तुमचा आवाज खणखणीत होता. बिघडला होता तो माझा. नाशिकच्या थंडाव्याने ताईचे गुडघे पुन्हा धरले की काय ते कळवावे. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची पद्धत आहे, आणि माणसांपुरते ते खरेही आहे. (गाडी माणसांत धरायची की नाही, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही.)

फोनवर तुम्ही विचारलेत, गाडी कशी आहे. मी म्हणालो, उभी आहे. हे वाक्य तोंडातून बाहेर पडण्यापूर्वी मी नीट तपासून घेतले होते आणि त्यात असत्य काहीच नाही. तरी डायरीत उतरवताना ते मला खोटेच वाटले. मग फोन ताईने घेतला, इकडून ज्योतीने घेतला, आणि दोघींनी मिळून पाच मिनिटांत तुम्हाला अर्धी हकीकत पोचवली. त्यावर तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "अरे मग जुनं इंजिन ठेवलंच असशील की. तेच परत बसव. जुलैअखेर रिटायर झालो की आम्ही येतो, गाडी काढू आणि तुझ्या ताईला सिद्धेश्वरचं आपलं क्वार्टर दाखवून आणू." मी "बघतो" म्हणालो. हे पत्र म्हणजे त्या "बघतो"चा खुलासा आहे. जुने इंजिन चांगल्या स्थितीत आहे, रोज चालते आहे, आणि वसराम मिस्त्री ते एका दिवसात बसवून देतो म्हणतो. अडचण एवढीच आहे की ते आता एका मुलीचे आहे.

तुमची सिद्धेश्वरहून बदली झाली तेव्हा गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "वापर. उभी ठेवू नकोस, इंजिन धरतं." आपल्या सगळ्या गोतावळ्यातली ती पहिली मोटार. ती मी इतकी वर्षे वापरली, पुसली, दर दिवाळीत तिचे सीटकव्हर ज्योतीने घरी धुतले. धूर कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. माणसाचे केस पिकतात तसे ते झाले. आरशात रोज बघणाऱ्याला ते उशिरा कळते. मला ते कळले गेल्या वर्षी, आमच्या महाविद्यालयात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तेव्हा. तो शिकवायला कोणी तयार होईना (भूगोलवाले म्हणाले हवा आमच्याकडे नको, रसायनवाले म्हणाले पाणी आमच्याकडे नको), म्हणून तो राज्यशास्त्राकडे, म्हणजे माझ्याकडे आला. आता वायुप्रदूषणाचा तास घ्यायला मी फाटकातून आत यायचा आणि माझ्यामागे निळसर धुराचा पडदा ध्वजस्तंभापर्यंत पसरायचा. पोरे व्हरांड्यातून म्हणायची, "चला, सर आले, तिसरं प्रकरण सुरू." मी ते हसण्यावारी न्यायला हवे होते. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. जे शिकवतो त्याच्या उलट वागतो, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

वसरामने तेव्हाच सांगितले होते की इंजिनातल्या रिंगा बदलल्या की धूर जाईल. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचा सगळा दोष वसरामवर टाकण्याचा मोह मला अनेकदा झालेला आहे. रिंगांवर समाधान मानले नाही ते मी. एका रविवारच्या पुरवणीत मी वाचले होते की नव्या इंजिनांत छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो थेंबाथेंबाने पेट्रोल मोजून देतो, त्यामुळे धूर जवळजवळ होतच नाही. थेंबाथेंबाने मोजणारा कोणी असतो हे वाचूनच मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. मी वसरामला विचारले, असले इंजिन आपल्या गाडीत बसेल का? आता वसरामचा गुण असा की तो कशालाच नाही म्हणत नाही. तो म्हणाला, "सर, इंजन म्हंजे इंजन. जीपात म्या ट्रॅक्टरचं बसवलं. ही तर खेळण्यातली गाडी."

मी विचारले, "आणि तो कॉम्प्युटर?"

"ऱ्हाऊ द्या की त्याला. आपन त्याला छेडायचंच न्हाई."

नांदेडच्या भंगार बाजारात आम्हाला एका नव्या छोट्या गाडीचे इंजिन मिळाले. ती गाडी मागून ठोकरलेली होती, त्यामुळे पुढच्या इंजिनाला अपघाताची काही कल्पनाच नाही, असे दुकानदाराने आम्हाला समजावले. ज्योतीला हे सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माणसाला दम लागला तर माणूस डॉक्टरकडं जातो. दुसऱ्याचं काळीज बसवून घेत न्हाई." हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवले आणि त्याखाली "अज्ञान" असा शेरा मारला. तो शेरा आता खोडला आहे.

तुम्ही इंजिनिअर आहात (कालव्यांचे असलात तरी), तेव्हा तुम्हाला हे सांगणे आगाऊपणाचे होईल, पण मला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच कळले. जीपमध्ये इंजिन पुढे असते, ताकद मागच्या चाकांना जाते आणि मध्ये लांबलचक दांडा असतो. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके फिरवणारे दोन्ही दांडे असे सगळे बॉनेटखाली एकाच गाठोड्यात आडवे बांधलेले असते. जुने गाठोडे साखळीने उचलले तर ते सहज बाहेर आले, लेकरू पाळण्यातून उचलावे तसे. नवे मात्र चार बोटे लांब निघाले. ते मधोमध बसेना, म्हणून वसरामने ते डावीकडे सरकवले. सरकवल्यामुळे एका बाजूचा दांडा आखूड आणि दुसऱ्या बाजूचा लांब करावा लागला. मग बॉनेट बंद होईना, म्हणून त्याने आतून हातोडा मारून पत्र्याला फुगवटा आणला, आणि गाडी गालात सुपारी धरल्यासारखी दिसू लागली. कॉम्प्युटर म्हणजे एक चपटा डबा होता, तो त्याने ड्रायव्हरच्या सीटखाली बांधला. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "जोरात दाबली का थोडी डावीकडं वढंल. सवय व्हईल." सवय कोणाला होईल हे त्याने सांगितले नाही. (गाडीची नोंदणी तुमच्या नावावर आहे, आणि इंजिन बदलल्याच्या अर्जावर तुमची सही लागते. ती मी केलेली नाही. एवढे तरी श्रेय मला द्यावे.)

फेब्रुवारीत आम्ही गाडी कुरुंद्याच्या रस्त्याला काढली. धूर नाही, आवाज नाही. मला आनंद झाला, आणि मी तो आनंद तपासत असतानाच उघडा रस्ता पाहून वसराम म्हणाला, "दाबा सर." मी दाबले. अठरा वर्षांत कधी उडी न मारलेल्या त्या गाडीने उडी मारली आणि पाहुण्यांच्या घराकडे वळल्यासारखी ती सरळ डावीकडे गेली. तिथे ग्यानोबा नावाच्या कुरुंद्याच्या शेतकऱ्याची हळद होती. शिजवून, ताडपत्र्यांवर पसरून वाळत घातलेली, सोनेरी, हिशेबाने लावलेली. इजा कोणालाही झाली नाही. पण हळकुंडे चाकाखाली मोडतात तेव्हा जो आवाज होतो तो मी अजून विसरलेलो नाही. ग्यानोबा बाजेवर चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला, आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "सर, काहून एवढी घाई? वाळली असती की अजून चार दिसांत."

मी नुकसानभरपाईचे बोलू लागलो, तर तो ऐकेना. त्याने गाडी ओळखली होती. "ही तर इंजिनिअर साहेबाची," तो म्हणाला. "कालव्याच्या शेपटाला पानी आनलं त्या मानसानं. त्यांच्या गाडीकडून मी पैसे घिऊ व्हय?" मग गालफुगी बॉनेट बघून त्याने चौकशी केली, आणि वसरामने अभिमानाने सगळी हकीकत सांगितली. तेव्हा ग्यानोबाने विचारले, मग जुनं कुठं हाय? पडून आहे, वसराम म्हणाला. ग्यानोबाचा हळद घासायचा ड्रम चार माणसे हाताने फिरवत होती. ट्रॅक्टर भाड्याने मिळेपर्यंत हंगाम निघून जाई. "मंग ते द्या मला," तो म्हणाला, "तुमच्या मनाचं बी वझं जाईल." मी म्हणालो, घ्या. हा "घ्या" मी तुम्हाला न विचारता उच्चारला. तुमच्या क्वार्टरचा फोन त्या आठवड्यात बंद होता हे खरे आहे. पण पोस्टखाते चालू होते.

त्या इंजिनाने ड्रमवर जे केले ते बघायला लोक आले. ते सगळे गाठोडे एकत्र असल्यामुळेच ते सोपे गेले. वसरामने एका बाजूचा दांडा बांधून टाकला, दुसरा ड्रमला जोडला, आणि थंड ठेवायला शेजारी पाण्याचे पिंप उभे केले. पेट्रोलवर सुरू करायचे आणि रॉकेलवर चालवायचे. धूर होता, पण शेतात तो कोणत्याही अभ्यासक्रमात बसत नव्हता. पहिल्या गिअरमध्ये हळकुंडाची साल निघते, दुसऱ्यात ते चमकते, आणि तिसरा टाकायला ग्यानोबाची सक्त मनाई आहे. एकदा मी रस्त्याने जाताना तो आवाज ऐकला. तुम्ही ताईला घेऊन पहिल्यांदा आमच्या दारात आला होतात, तेव्हाचाच आवाज. मी गाडी थांबवली, आणि नव्या इंजिनाचा आवाज होत नसल्यामुळे तो जुना मला अगदी स्पष्ट ऐकू आला. फार वेळ थांबलो नाही. आपणच दिलेल्या वस्तूकडे असे बघत उभे राहणे बरे नव्हे.

मे महिन्यात ग्यानोबाच्या मुलीचे, सत्यशीलाचे लग्न झाले. ती माझ्या पर्यावरणाच्या वर्गात होती, आणि नवरा शिरड शहापूरचा. लग्नाला स्वच्छ गाडीने जावे म्हणून मी सकाळी गाडी स्वतः धुतली. आतूनही धुतली. सीटखालचा डबा धुळीने भरला होता, तोही ओल्या फडक्याने पुसला, आणि फटीतली माती निघेना म्हणून थोडे पाणी सोडले. दाजी, त्या पाण्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

मंडपाच्या कडेला आंदण मांडले होते. कपाट, पलंग, भांडी, शिलाई मशीन, आणि सगळ्यांच्या शेवटी ट्रॉलीवर हळदीचा ड्रम आणि तुमचे इंजिन, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळेत सजवलेले. ग्यानोबाने नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सर, तुमच्या हातानं. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत हे त्याच्या लगेच लक्षात आले. मला संकोच नको म्हणून त्याने नारळ परत घेतला आणि माईक दिला. नारळ परवडला असता. मी म्हणालो, हे इंजिन आजपासून सत्यशीलाचे, यावर आमच्या घरातल्या कोणाचाही, कधीही, कसलाही हक्क राहणार नाही. टाळ्या पडल्या. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या हातात माईक आला की असेच होते. "आमच्या घरातल्या कोणाचाही" म्हणताना मी तुमच्या वतीने बोलत होतो, हे मला टाळ्या थांबल्यावर उमगले.

जेवणे झाली, आम्ही निघालो, तर गाडी सुरू होईना. वऱ्हाडी मंडळींनी ढकलली, वसरामने (तोही जेवायला होता) बॉनेट उघडून बघितले, सगळ्यांनी एकेकदा किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. शेवटी आंदण घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरने दोर बांधून आम्हाला फाट्यापर्यंत ओढले. दृश्य असे होते: पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर माळ घातलेले जुने इंजिन, आणि त्याच्यामागे दोराने बांधलेली, गालात सुपारी धरलेली तुमची गाडी, तिच्यात मी आणि ज्योती. कुरुंद्याची सगळी पोरे दुतर्फा उभी होती. ज्योतीने ट्रॉलीवरच्या माळेकडे बघितले. मग म्हणाली, "जुनंच ओढून राहिलं शेवटी." मी तिला सांगितले की ओढतो आहे तो ट्रॅक्टर. ती म्हणाली, "मला दिसतंय."

वसरामचे निदान झाले की डबा गेला. नांदेडहून दुसरा डबा आणला, तो या इंजिनाला ओळखेना. आणखी एक आणला, तो ओळखायचा पण ऐकायचा नाही. मग वसराम म्हणाला, "सर, सकाळी जुनं आनून द्या, सांजच्याला बसलेलं बघा." तुम्ही फोनवर म्हणालात तेच. तेव्हापासून मी विचार करतो आहे. इंजिन होते तुमचे, आंदण दिले ग्यानोबाने, शब्द दिला मी. ज्याची वस्तूच नाही त्याने ती दिली, तर ती दिली गेली का? हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर अर्ध्या मुलांनी "होय" लिहिले असते, अर्ध्यांनी "नाही", आणि मी दोन्हींना सारखेच गुण दिले असते. ज्योतीचे म्हणणे आहे, "मागायचं तर तोंडानं मागा, न्हाई तर सोडून द्या. असं घरात येरझारा घालून इंजन येत नसतं."

मला मागणे जमणार नाही. पण तुम्ही ग्यानोबाला दोन ओळी लिहिल्यात तर तो मुलीच्या सासरी जाऊन इंजिन स्वतः सोडवून आणील, एक शब्दही न बोलता. तुमच्याबद्दल त्याला तेवढा आदर आहे. तेव्हा लिहावे, ही विनंती. जुलैअखेर गाडी तयार राहील आणि ताईला क्वार्टर दाखवता येईल. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
भीमराज

ता. क. वरची विनंती वाचू नये. हे पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला ज्योतीने ताईच्या गुडघ्यांसाठी तेलाची कृती लिहिली आहे. ग्यानोबाला तुम्ही काहीही लिहू नका. तुम्ही मागितले तर तो देईल, आणि मागू नये याचे कारणही तेच आहे. सिद्धेश्वरला आपण एसटीने जाऊ. खिडकीची जागा मी आधी जाऊन धरीन.

ता. क. २. पत्र खिशात ठेवून मी काल शिरड शहापूरला जाऊन आलो. इंजिनाची तब्येत बघून येतो, असे ज्योतीला सांगितले. (ती म्हणाली, "पिशवी न्या, पाने-पकड ठेवायला.") ड्रम आता पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. पावसाआधी घासून घ्यायची राहिलेली हळद घेऊन बायामाणसे बसली होती. सत्यशीलाची सासू सगळ्यांना सांगत होती, "सूनबाईला इचारा, नंबर तिच्याकडं हाय." गिअर फक्त तीच टाकते. वसरामने जोडणी केली तेव्हा ती शेजारी उभी राहून बघत होती. नवरा गिअरच्या दांड्याला हात लावायला घाबरतो आणि पोती उचलतो. दुसरा गिअर टाकला की ती कान देऊन ऐकते, आणि मगच मान हलवते. मला तिने चहा दिला आणि हात पुसून समोर बसली.

"सर, तुमची गाडी बंद पडली म्हणं."

मी म्हणालो, हो.

"लोक म्हनून राहिले का सर इंजन परत न्यायला येतील."

"कोण म्हणतं?" मी विचारले. हे उत्तर नव्हे, हे तिलाही कळले.

"न्यायचं आसंल तर न्या," ती म्हणाली. "वडलांना मी काई बोलू देनार न्हाई. फकस्त एवढी पोती व्हऊ द्या, बाया लांबून आल्या." तिने माझ्याकडे न बघता हे सांगितले. शेडमध्ये सासू पोते सोडून आमच्याकडे कान देऊन होती. मी म्हणालो, इंजिन माझे नव्हतेच कधी, ते आमच्या दाजींचे आहे. तेव्हा तिने वर बघितले. "मंग त्यांनाच इचारा की सर. तुमी काहून मधी?"

ता. क. ३. तेव्हा खरी विनंती ही. एक पोस्टकार्ड तिच्या नावाने टाकावे: सौ. सत्यशीला, ग्यानोबा कुरुंदेकरांची मुलगी, मु. पो. शिरड शहापूर. आत फक्त एवढेच लिहावे की इंजिन तुला दिले, आणि खाली सही करावी. माझ्यामार्फत पाठवू नका, थेट तिला पाठवा, आणि लवकर पाठवा. जुलैअखेर तुम्ही दारात येऊन त्या उभ्या गाडीकडे नुसते बघाल, आणि मला ते सोसणार नाही. मी पुन्हा शिरडची बस धरीन. कार्ड तिच्या हातात असले म्हणजे ती ते मला दाखवील, चहा देईल आणि परत पाठवील.